खतावणी एकटी उभी राहत नाही

वसुलीचा दावा लावायचे ठरले की व्यापारी सर्वांत आधी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली खतावणी, म्हणजे त्या पार्टीचा खातेउतारा, पुढे ठेवतो. शेवटच्या ओळीत येणे रक्कम, खाली फर्मचा शिक्का, त्यावर सही. त्याच्या लेखी प्रकरण तिथेच सिद्ध झालेले असते. वकिलाच्या लेखी ते अजून सुरूही झालेले नसते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम २८ सांगते की धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या नोंदी, संगणकावरच्या असल्या तरी, पुराव्यात येतात. पण केवळ त्यांच्या जोरावर कोणाच्या अंगावर देणे टाकता येत नाही. १८७२ च्या जुन्या कायद्यात हेच कलम ३४ मध्ये होते. खतावणी पैसे येणे आहेत एवढेच सांगते. माल गेला, तिकडे उतरला आणि समोरच्याने तो ठेवून घेतला, हे दुसऱ्या कागदांनी बोलायचे असते. ते कागद शोधून, जुळवून, कोर्टात टिकतील असे लावणे हे आमचे रोजचे काम. उदाहरणापुरते प्रकरण साधे धरू: कारखान्याला उधारीवर पुठ्ठ्याची खोकी पुरवणारी फर्म, अडीच वर्षांचा व्यवहार, दीडशेच्या आसपास बिले, चाळीसेक लाखांची थकबाकी.

पहिल्या दिवशी आम्ही एकही कागद वाचत नाही. आधी हिशेबनीसाचा हात थांबवतो. या पार्टीच्या खात्याचे नाव बदलायचे नाही, 'ऑन अकाउंट', म्हणजे कोणत्याच बिलाला न जोडता, पडलेल्या जमा रकमा आता बिलांना नव्याने जोडायच्या नाहीत, राहून गेलेली डेबिट नोट (तूट किंवा खराब मालापोटी रक्कम वजा करण्याची चिठ्ठी) मागच्या तारखेने टाकायची नाही. "खाते जरा साफ करून देतो" हे वाक्य दप्तराच्या कामात सर्वांत महाग पडते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना बदलांची नोंद ठेवणारे, आणि ती नोंद बंद करता न येणारे, हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे सक्तीचे आहे. भागीदारी किंवा मालकीच्या फर्मला ही सक्ती नाही, पण टॅलीत ती सोय आहे आणि अनेकांकडे ती चालू असते. नोटीस गेल्यानंतर आठ दिवसांनी चाळीस व्हाउचर बदललेली त्या नोंदीत दिसली, की बदल कितीही प्रामाणिक असो, उलटतपासणीचा अर्धा दिवस तिथेच जातो. चूक आढळली तर ती आजच्या तारखेच्या वेगळ्या नोंदीने दुरुस्त करायची आणि कारण शेऱ्यात लिहायचे.

मग प्रती. टॅलीचा पूर्ण बॅकअप दोन वेगळ्या डिस्कवर घेतो. एक पाकिटात बंद, तारीख आणि सहीसकट, दुसरी कामासाठी. या पार्टीशी बोलणाऱ्या माणसांचे फोन कोणते याची यादी करतो, कारण विक्रीवाल्याने नोकरी सोडली की त्याच्या फोनबरोबर निम्मा पुरावा जातो. व्हॉट्सअॅपवर 'आपोआप नाहीसे होणारे संदेश' चालू आहेत का ते पाहतो. माल भरतानाचे सीसीटीव्ही चित्रण हवे असेल तर त्याच दिवशी उतरवतो. रेकॉर्डरची डिस्क भरली की तो जुन्यावर नवे लिहीत जातो आणि कोणाला विचारत नाही. वजनकाट्याच्या पावत्या आणि बँकेच्या स्लिपा थर्मल कागदावर असतात, त्या लगेच स्कॅन करतो. वर्षभरात अक्षरे उडतात आणि हातात पिवळसर कोरी पट्टी उरते.

बाजूला ठेवलेल्या प्रत्येक फाइलची हॅश त्याच वेळी काढून ठेवतो. हॅश म्हणजे फाइलचा ठसा: आत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. विंडोजमध्ये त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. पॉवरशेलमधील गेट-फाइलहॅश ही आज्ञा दिली की एसएचए-२५६ पद्धतीचा ६४ अक्षरांचा ठसा मिळतो. एमडी-५ चा ३२ आणि एसएचए-१ चा ४० अक्षरांचा असतो, त्यामुळे कोणती पद्धत वापरली हे लांबीवरूनही कळते. फाइलचे नाव बदलले किंवा ती दुसऱ्या डिस्कवर नेली तर ठसा तोच राहतो. एक्सेलची फाइल उघडून काहीही न बदलता 'सेव्ह' केली तर मात्र तो बदलू शकतो, कारण शेवटच्या सेव्हची वेळ फाइलच्या आत लिहिली जाते. फोटो व्हॉट्सअॅपने साधा पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि ठसा गेला. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर टिकतो. म्हणून बंद पाकिटातल्या प्रतीवर काम करायचे नाही, हा नियम साहेबांनाही लागू.

यानंतर दावा लावण्याची मुदत. उधारीचे दिवस ठरलेले असतील तर ते संपल्यापासून तीन वर्षे, ठरलेले नसतील तर माल पोचल्याच्या तारखेपासून तीन वर्षे. मुदतीच्या कायद्याचे अनुच्छेद १५ आणि १४. १० मे २०२२ चे बिल, ४५ दिवसांची उधारी: २४ जून २०२२ ला पैसे येणे झाले, २४ जून २०२५ ला मुदत संपली. ही तारीख बिलागणिक काढावी लागते. "आमचे खाते चालू आहे, शेवटच्या व्यवहारापासून मोजा" हा बाजारातला पक्का समज, आणि बहुतेक वेळा चुकीचा. अनुच्छेद १ मधले चालू खाते दोन्ही बाजूंनी परस्परांवर येणे असलेले लागते. एकाने माल द्यायचा आणि दुसऱ्याने अधूनमधून पैसे द्यायचे, एवढ्याने खाते परस्पर होत नाही.

मुदत वाचवणारे कागद दोन प्रकारचे. एक, कलम १८ ची लेखी, सही असलेली कबुली, आणि तीही मुदत संपण्याआधीची. दरवर्षी ३१ मार्चनंतर ऑडिटसाठी बाकी-मेळाची, म्हणजे येणे बाकी दोन्हीकडे जुळते का हे विचारणारी, पत्रे जातात; त्यातले सहीशिक्क्यासह परत आलेले एखादे पत्र शंभर चलनांच्या (मालासोबत जाणाऱ्या डिलिव्हरीच्या कागदांच्या) तोडीचे असते. गंमत अशी की हे पत्र ऑडिटरच्या फाइलमध्ये असते आणि तिथे कोणी शोधत नाही. दुसरा प्रकार कलम १९ चा: मुदतीच्या आत आलेली काही रक्कम, जिची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने आहे. चेकवर सही असते, म्हणून चेकची प्रत ठेवायची. एनईएफटीची नुसती बँकेतली ओळ असेल तर सोबत "आज इतके पाठवले" असा त्यांचा मेल शोधतो.

आलेले पैसे कोणत्या बिलापोटी, हा प्रश्नही इथेच सुटतो. देणाऱ्याने बिल सांगितले असेल तर त्याच बिलाला. सांगितले नसेल तर घेणाऱ्याला निवड आहे, अगदी मुदतबाह्य बिलापोटीही. करार कायद्याची कलमे ५९ ते ६१ नीट वाचावीत. दोघांनीही काही केले नसेल तर जुने आधी. टॅलीत त्या वेळी 'अगेन्स्ट रेफ' म्हणून, म्हणजे कोणत्या बिलाला, काय जोडले होते, ती तुमची निवड म्हणून पुढे येते, म्हणून जोडण्या नंतर फिरवायच्या नाहीत.

आता मुख्य जुळणी. आम्ही एकच मोठा तक्ता करतो, एका बिलाला एक ओळ: बिल क्रमांक व तारीख, पीओ (खरेदीची ऑर्डर), चलन, गाडी नंबर, ई-वे बिल (जीएसटीचा मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला), समोरच्याच्या गेटवरचा इनवर्ड (आवक) क्रमांक, रक्कम, डेबिट नोट, जमा, बाकी, मुदतीची तारीख, आणि शेवटी मूळ कागद कुठे आहे. शेवटचा रकाना सगळे गाळतात आणि तोच पुढे सर्वांत जास्त लागतो. मग प्रत्येक बिलामागे पीओ, चलनाची पोच, ई-वे बिल, असेल तर ट्रान्सपोर्टची बिल्टी (वाहतूकदाराची पावती), असा गठ्ठा लागतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे छोट्या खेपांना पोच सोडून दुसरा आधार नसतो. पोर्टलवरून ई-वे बिले वेळच्या वेळी उतरवून ठेवावीत. दावा लागेल तेव्हा सापडतील यावर भिस्त ठेवू नये.

पोच वाचण्याचीही एक पद्धत आहे. एमआयडीसीतल्या बहुतेक कारखान्यांत गेटवर सुरक्षारक्षक इनवर्डचा शिक्का मारतो: तारीख, वेळ, क्रमांक. त्यात बारीक अक्षरात 'तपासणीच्या अधीन' असते. हा शिक्का गाडी आत गेल्याचा पुरावा, माल पसंत पडल्याचा नव्हे. स्टोअरचा दुसरा शिक्का किंवा त्यांची जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर वस्तुविक्री कायद्याचे कलम ४२ कामी येते: माल ताब्यात ठेवून वाजवी काळ उलटला आणि नाकारल्याचे कळवले नाही, तर तो स्वीकारला असे धरतात. म्हणून नाकारल्याचा पहिला मेल कोणत्या तारखेचा, हे पोचेइतकेच महत्त्वाचे. पैसे मागितल्यानंतर खोकी ओलसर होती असे कळवणारी पत्रे बरीच दिसतात.

जुळणीत नेहमी निघणाऱ्या गोष्टी: चलनावर १२०० नग, बिलावर १२५०. गाडी वाटेत बंद पडली, दुसरीत माल भरला, पण ई-वे बिलात गाडी नंबर बदललाच नाही. पोचेवर नुसती रेघोटी, नाव नाही. अशा ओळी तक्त्यात वेगळ्या रंगाने ठेवून वकिलाला आधीच दाखवतो. दीडशेपैकी वीस बिले कच्ची निघाली तर ती सोडून दावा लावायचा की सगळी घ्यायची हा निर्णय त्यांचा. पण तो दावा लावण्याआधी व्हावा, साक्षीच्या पिंजऱ्यात नव्हे.

सगळ्यांत घातक चूक मात्र आकड्यांची नसते, नावाची असते. एकाच घराण्याच्या तीन फर्म. पीओ एकीची, बिल दुसरीच्या जीएसटी क्रमांकावर, पैसे तिसरीच्या खात्यातून. दावा कोणावर लावायचा? आम्ही जीएसटी क्रमांकाचे सहावे अक्षर पाहतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राला २७ आणि गोव्याला ३०. पुढची दहा अक्षरे पॅनची, आणि पॅनचे चौथे अक्षर प्रकार सांगते: सी म्हणजे कंपनी, एफ म्हणजे फर्म, पी म्हणजे व्यक्ती, एच म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. लेटरहेडवर 'इंडस्ट्रीज' लिहिले म्हणून ती कंपनी होत नाही. हीच तपासणी आपल्या बाजूचीही करायची. आपली भागीदारी नोंदणीकृत नसेल तर भागीदारी कायद्याच्या कलम ६९ मुळे कराराच्या आधारे दावाच लावता येत नाही, आणि हे अनेकांना वकिलाच्या टेबलावर कळते.

समोरच्याच्या हातून सरकारदरबारी गेलेल्या नोंदीही मिळतात. मोठ्या खरेदीदाराने ५० लाखांवरच्या खरेदीवर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९४क्यू खाली ०.१ टक्का टीडीएस कापला असेल तर तो आपल्या २६एएस या आयकराच्या उताऱ्यात त्याच्या नावाने दिसतो. ही तरतूद १ जुलै २०२१ पासून लागू झाली. ज्याने माल घेतलाच नाही त्याने त्यावर कर का कापला, हा प्रश्न वकिलाला विचारता येतो. मुदत वाढवणारी कबुली म्हणून मात्र त्यावर विसंबू नये.

आपल्या विरुद्ध जाणारे कागद काढून टाकावेत असे प्रत्येकाला वाटते. व्यापारी दाव्यात, म्हणजे तीन लाख किंवा त्याहून अधिक रकमेच्या, दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११ याला जागा ठेवत नाही: विषयाशी संबंधित आणि आपल्या ताब्यातले सगळे दस्तऐवज, बाजूचे असोत की विरोधातले, दाव्याबरोबरच द्यायचे. तातडीच्या दाव्यात परवानगीने आणखी ३० दिवस मिळतात. त्यानंतर राहून गेलेला कागद आणायचा तर आधी का दिला नाही याचे पटणारे कारण लागते. त्यांच्या डेबिट नोटा, दर्जाच्या तक्रारी, आपण कबूल केलेली सूट, सगळे यादीत येते. आमचे मत विचाराल तर फायदा यातच आहे. चाळीस लाखांतून त्यांच्या साडेतीन लाखांच्या डेबिट नोटा आपणच वजा करून मागितलेली रक्कम जास्त भक्कम असते.

व्हॉट्सअॅप आणि मेलवर सर्वांत जास्त वेळ जातो. चॅट 'एक्स्पोर्ट' केले की मजकुराच्या फाइलमध्ये नंबर येत नाही, आपण फोनमध्ये जतन केलेले नाव येते. कोर्टापुढे "बाळूशेठ स्टोअर" हा कोण? म्हणून संपर्काचे पान, ज्यात नाव आणि नंबर दोन्ही दिसतात, त्याचाही स्क्रीनशॉट घेतो, आणि तोच नंबर त्यांच्या पीओवर किंवा व्हिजिटिंग कार्डावर असेल तर तो कागद शेजारी लावतो. फोटोंसकट एक्स्पोर्ट करताना मर्यादा असते. चॅट मोठे असेल तर जुना भाग गळतो आणि सूचना येत नाही. पहिला संदेश कोणत्या तारखेचा आला ते तपासायचेच. सोयीचे पाच संदेश न काढता सलग संवाद द्यायचा. मेल पुढे पाठवून, म्हणजे फॉरवर्ड करून, गोळा करायचे नाहीत, त्यात मूळ मेलचा तांत्रिक माथा (हेडर: कोठून, कधी, कोणत्या मार्गाने आला) हरवतो. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' मधून मूळ फाइल उतरते, ती ठेवायची.

या सगळ्यांच्या छापील प्रती द्यायच्या तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. १८७२ च्या कायद्यातले ६५ब. ते टाळता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात पक्के केले. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतला उमेदवारी अर्जाच्या वेळेचा वाद आणि निवडणूक कार्यालयातले चित्रण, असा तो विषय होता. मूळ उपकरणच कोर्टात आणून सिद्ध केले तर प्रमाणपत्र नको, असेही त्यात आहे. पण फर्मचा सर्व्हर कोण उचलून नेणार? १ जुलै २०२४ पासून नमुना बदलला. तो अधिनियमाच्या अनुसूचीतच छापलेला आहे आणि त्याला दोन भाग आहेत: भाग अ उपकरण सांभाळणाऱ्याने किंवा त्या कामाचा कारभार पाहणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश आणि ती काढण्याची पद्धत लिहावी लागते. तज्ज्ञ कोणाला म्हणायचे याची व्याख्या कलम ६३ मध्ये नाही. म्हणून संगणक-तपासणीची पात्रता आणि अनुभव कागदावर दाखवू शकणारा माणूस घ्यावा, सही करायला तयार असलेला ओळखीचा दुरुस्तीवाला नव्हे.

चुका ठरलेल्या. जुन्या ६५ब च्या मसुद्यात कलमाचा आकडा बदलून तोच द्यायचा. पाच उपकरणांतल्या नोंदींना एकच मोघम प्रमाणपत्र. हॅश एका फाइलची आणि छापलेली प्रत दुसरीची. आणि भाग अ वर अशा भागीदाराची सही, ज्याला टॅलीचा पासवर्डही ठाऊक नाही. सही करणाऱ्याला साक्षीला उभे राहावे लागू शकते. "हा प्रिंट कोणी काढला, कोणत्या संगणकावरून, त्या दिवशी तो नीट चालत होता का" हे प्रश्न त्यालाच येणार, म्हणून रोज खाते लिहिणाऱ्या हिशेबनीसाची सही बरी. आदेश ११ चा नियम ६ याच गोष्टी दाव्याबरोबरच्या निवेदनातही मागतो: प्रिंटची तारीख आणि वेळ, मेल-खाते कोणाचे, त्यात कोणाकोणाला प्रवेश, डेटा क्लाउडवर असेल तर तो कोणाच्या नावावर. बँकेच्या उताऱ्याला वेगळा रस्ता आहे. बँकेकडूनच १८९१ च्या बँकर्स बुक्स कायद्याखाली प्रमाणित प्रत घ्यायची. नेट-बँकिंगची पीडीएफ आपल्या जुळणीपुरती.

तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२अ ची मध्यस्थी करावी लागते. तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन. हा काळ मुदतीतून वगळतात, पण अर्ज मुदतीत असला पाहिजे. तिथे पूर्ण दप्तर न्यायचे नाही. तक्ता आणि बाकी-मेळाचे पत्र पुरते.

दस्तऐवजांच्या यादीत प्रत्येक कागदापुढे मूळ, कार्यालयीन प्रत की झेरॉक्स, कोणाकोणातला, कसा दिला किंवा मिळाला, आणि तेव्हापासून कोणाच्या ताब्यात, असे लिहायचे. तक्त्याचा शेवटचा रकाना इथे वसूल होतो. चलनाची आपल्याकडची कार्बन प्रत, पण तिच्यावरची पोचेची सही शाईतली, असेल तर तसे स्पष्ट नोंदवतो. समोरच्यालाही नंतर नुसते 'अमान्य' लिहून सुटता येत नाही. मजकूर अमान्य, अस्तित्व अमान्य, सही अमान्य की मिळाल्याचेच अमान्य, हे कारणासह सांगावे लागते. पोच स्पष्ट असेल तर इथेच बरीच बिले वादातून बाहेर पडतात.

निकाल लागला तरी गठ्ठे सोडायचे नाहीत. कंपनी कायद्यात हिशेब आठ वर्षे, जीएसटीत वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. पण वसुलीसाठी दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) करायला बारा वर्षे मिळतात आणि मध्ये अपील असते. कागद टिकतात. टिकत नाही तो फोन. ज्या फोनवर मूळ चॅट आहे तो कपाटात बंद करून ठेवला की बॅटरी फुगते, म्हणून दर दोन महिन्यांनी चार्ज करायचा, अॅप काढायचे नाही, आणि सिमला रिचार्ज मारत राहायचे. नंबर बंद पडला की काही महिन्यांनी तो दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर चालू होतो.